बदली अडॅप्टर

चष्म्याच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत बसून कानाची मशीनं लावून देणाऱ्या त्या गृहस्थांना सगळे कानवाले म्हणत. बाहेरच्या पाटीवर त्यांचं नाव, पदवी, भेटायच्या वेळा, सगळं होतं. पण पाटी वाचतो कोण? पोस्टमनसुद्धा जिन्याखालून "कानवाले आहेत का वर?" असंच विचारायचा. त्यांना त्याचं काही वाटत नसे. कानाकडे बोट दाखवलं की माझा पत्ता कळतो, आणखी काय पाहिजे, असं ते म्हणत.

वय छप्पन, अंगाने बारीक आणि आवाजाने त्याहून बारीक. ह्या आवाजावरून आयुष्यभर थट्टा झाली. फोनवर लोक त्यांनाच "बाई, जरा साहेबांना द्या" म्हणायचे. त्यांच्या दाजींनी, म्हणजे थोरल्या बहिणीच्या नवऱ्याने, लग्न झाल्यावर आठवड्याच्या आत त्यांचं नाव पिपाणी ठेवलं, ते कायमचं चिकटलं. हा बारीक आवाज लक्षात ठेवा, कारण पुढचा घोळ त्याच्यामुळेच कोणाच्या ध्यानात आला नाही.

काम करायची त्यांची एक रीत होती. मशीन माणसाच्या कानात बसवायचं, त्याला बारीक वायर लावायची, ती एका डबीतून लॅपटॉपला जोडायची आणि मग लॅपटॉपवर आवाज कमी-जास्त करायचे. जाड आवाज वेगळे, बारीक आवाज वेगळे. पण "ऐकू येतंय का?" असं ते कधीच विचारत नसत. ज्याला कमी ऐकू येतं तो जन्मभर ह्या प्रश्नाला "हो" म्हणत आलेला असतो, नाही म्हटलं की समोरचा ओरडतो हे त्याला पाठ असतं. म्हणून कानवाले त्याला खिडकीकडे तोंड करून बसवायचे, आपण मागे जाऊन उभे राहायचे आणि अगदी हळू म्हणायचे, "तुमच्या बुटाची नाडी सुटलीय." मान खाली गेली की मशीन लागलं. नाही गेली की पुन्हा लॅपटॉप. तीस वर्षं हा माणूस लोकांच्या माना बघत आला होता.

ह्या धंद्यात ते आले आक्कामुळे. आक्का त्यांच्याहून पाच वर्षांनी मोठी. नवव्या वर्षी तापाने पडली आणि उठली तेव्हा कानांतले बारीक आवाज गेले होते. पाखरं, घंटी, आईची हाक, सगळं गेलं. जाड तेवढं राहिलं. धाकटा भाऊ तिच्या मागेमागे बाजारात जायचा आणि दुकानदार काय म्हणाला ते तिच्याकडे तोंड करून, ओठ नीट हलवून पुन्हा सांगायचा. त्या तापानंतर त्याचा स्वतःचा आवाज तिला ऐकूच आला नाही, मोठेपणी पहिलं मशीन आलं तोवर. ते कानात घातल्यावर ती त्याला म्हणाली होती, "अगंबाई, असा आहे होय तुझा आवाज? मग बरंच होतं आधीचं."

दाजी लाकडाच्या वखारीत मुकादम होते. करवत चालू असताना पलीकडच्या टोकाच्या माणसांना हुकूम सोडायचा तर आवाज तसाच लागतो, आणि त्यांचा होता. आक्का तरुणपणी एकदा फळ्या कापून घ्यायला वखारीत गेली. दाजींनी पाठीमागून विचारलं, "किती इंचाची?" आणि आक्का वळली. कानात काही नसताना, पाठीमागून कोणी बोललं आणि ती वळली, असं त्या तापानंतर पहिल्यांदाच झालं. मग काहीही नको असताना ती आणखी तीनदा वखारीत गेली. पुढचं सांगायला नको.

वयाबरोबर तिचे जाड आवाजही उतरले, तेव्हा दोन्ही कानांना मशीनं आली. दर सहा महिन्यांनी ती लावून घ्यायची, आणि त्या दिवशी दाजी सोबत हवेतच. कानवाल्यांचा पिपाणीचा आवाज बारीक बाजू तपासायला ठीक, पण जाड बाजू दाजींच्या आवाजावर लावायची, असं ठरूनच गेलं होतं. दाजी तिच्या मागे स्टुलावर बसून सवयीने मापं सांगायचे, "दोन बाय चार, तीन बाय सहा," आणि आक्का खिडकीकडे बघत ती परत म्हणून दाखवायची. मध्येच दाजी आवाज न बदलता म्हणायचे, "आज भाजीत मीठ नव्हतं." ती न वळता म्हणायची, "उद्या तुम्ही करा." हे सेटिंग कानवाल्यांनी लॅपटॉपवर 'दाजी' ह्याच नावाने साठवून ठेवलं होतं.

तो लॅपटॉप सोळा वर्षांचा. त्याची दोन बटणं निघाली होती आणि झाकण कपड्याच्या चिमट्याने धरून ठेवावं लागायचं. पण जुन्या मशीनांचा प्रोग्रॅम त्या एकाच लॅपटॉपवर चालायचा. कंपनीने ती मशीनं केव्हाच बंद केली, आणि नव्या लॅपटॉपला ती वायर ओळखता येत नव्हती. गावातल्या तीनशे-सव्वातीनशे म्हाताऱ्या माणसांचे कान त्या खोक्यात होते, असं म्हटलं तरी चालेल. कानवाले त्याला लेकरासारखं जपायचे.

आणि एक दिवस त्याचा अडॅप्टर गेला. जळका वास आला, हिरवा दिवा विझला, संपलं. त्याच कंपनीचा मिळेना. गल्लीच्या तोंडाशी मोबाईल दुरुस्तीचं दुकान होतं, तिथल्या माणसाने खोक्यातून दुसराच एक काढून दिला. "व्होल्ट जुळतात, पिन बसते. आणखी काय बघायचंय? सोयरीक जुळवायचीय का?"

"जुन्याला तीन पिनांचा प्लग होता. ह्याला दोनच आहेत."

"तिसरी पिन काय, असून नसून सारखीच हो. बिनधास्त वापरा."

वापरला. लॅपटॉप सुरू झाला, जिवात जीव आला. फक्त रोज सकाळी पडद्यावर एक पाटी यायची: हा अडॅप्टर ओळखता आला नाही. कानवाले खालचं 'ठीक आहे' दाबायचे आणि पाटी जायची. लोक वाट बघत बसलेले असायचे. पाट्या वाचत बसायला वेळ कुणाला होता.

त्याच आठवड्यात आक्का आली. एकटीच. दाजींची फुप्फुसं महिन्यापूर्वी पार निकामी झाली होती. आता ते अंथरुणावर, तोंडावर ऑक्सिजनचा मास्क, आणि खाटेशेजारी हवेतून ऑक्सिजन काढून देणारं भाड्याचं यंत्र. ते यंत्र ठेवायला जागा नव्हती म्हणून आक्काने दाजींची स्वतःच्या हाताने केलेली आरामखुर्ची शेजारच्यांना देऊन टाकली होती, न विचारता. त्यावरून दोघांची जुंपली होती. दाजींना नीट भांडायलाही दम पुरत नव्हता, मास्क काढून ते एवढंच म्हणाले होते, "मेलो नाही अजून." हे सांगताना आक्काचे डोळे भरले. मग पदराने ते पुसून ती म्हणाली, "लाव लवकर. त्यांच्याजवळ शेजारीण बसवून आलेय. मास्कमुळे ओठ दिसत नाहीत रे, सगळं कानांवरच आलंय."

कानवाल्यांनी वायर जोडली. आक्काने कपाळाला आठी घातली. "घूं घूं होतंय. सारखं."

ही तक्रार त्यांनी हजारदा ऐकली होती. कुणाला पंखा घुमतो, कुणाला फ्रिज. त्यांना वाटलं, दिवसभर त्या ऑक्सिजनच्या यंत्राशेजारी बसते, तेच कानात बसलंय. ह्याला इलाजही ठरलेला: जाड बाजू उतरवायची. त्यांनी थोडी उतरवली. "आता?" अजून होतंच. आणखी उतरवली. आणखी. "आता गेलं," आक्का म्हणाली, आणि तिचा चेहरा मोकळा झाला.

ते मागे जाऊन उभे राहिले. "आक्का, तुझी पिशवी पडली." तिची मान चटकन खाली गेली. मशीन लागलं. दाजी मापं सांगायला नव्हते, पण दाजी अंथरुणावर, त्यांना कुठे आणणार? पुढच्या खेपेला बघू, असं म्हणून त्यांनी वायर काढली. ती घूं घूं वायरमधूनच येत होती, तो दोन पिनांचा, अर्थिंग नसलेला अडॅप्टर लॅपटॉपमधून तिच्या कानात घुमत होता, आणि वायर काढल्याबरोबर ती आपोआप जाणारच होती, हे त्या क्षणी त्यांच्या डोक्यातही आलं नाही. मशीन तपासून बघायची त्यांची रबरी नळी होती, डॉक्टरच्या नळीसारखी. पण ती ते वायर लावायच्या आधी कानाला लावत. वायर लावल्यावर कधीच नाही.

त्यानंतर दाजी बारा दिवस जगले.

त्या बारा दिवसांत कानवाले दोनदा गेले होते. पहिल्यांदा दाजी झोपले होते. यंत्र खोलीभर घुमत होतं, आणि आक्का म्हणाली, "यंत्र चांगलं दिलंय, अजिबात आवाज करत नाही." कानवाल्यांना बरं वाटलं. आपण लावून दिलेलं नीट लागलं, असं ते मनाशी म्हणाले.

दुसऱ्यांदा भाची आलेली होती, आक्काची एकुलती एक मुलगी, परगावी नोकरीला असते ती. आक्का खिडकीशी उभी राहून औषधाच्या पट्ट्या बघत होती. दाजींनी खाटेवरून हात थोडा उचलला आणि मास्कच्या आतून काहीतरी म्हणाले. आक्काने मान वळवली नाही. भाची उठली आणि वडिलांजवळ गेली. कानवाल्यांनी हे डोळ्यांनी पाहिलं. तीस वर्षं माना बघणाऱ्या माणसाने समोर ती मान पाहिली आणि मनात म्हटलं, दमलीय बिचारी.

दाजी गेल्यावर लोकांची ये-जा संपली, तेव्हा एक दिवस आक्का भावाजवळ बसून म्हणाली, "शेवटी माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. एक सुद्धा नाही. खुर्चीचा राग घेऊन गेले." त्याच दिवशी जिन्यात भाचीने त्यांना गाठलं. तिचा आवाज कडक होता. "मामा, आईने शेवटी बाबांशी बोलणं टाकलं होतं. ते हाक मारायचे आणि ही उठून आत जायची. मी कधी विसरणार नाही हे." कानवाल्यांनी दोघींच्याही पाठीवर हात ठेवला. दुःखात माणसं काहीबाही बोलतात, असं त्यांनी स्वतःला समजावलं. खरं तर दोन बोलणी शेजारी ठेवून बघायची होती, बस. दुसऱ्या कुणाच्या घरातली असती तर त्यांनी तिथल्या तिथे ओळखलं असतं.

महिनाभराने निवृत्त हेडमास्तर जिना चढून आले. हसतच होते. "कानवाले, काय करून ठेवलंत? बायकोचा शब्दन् शब्द ऐकू येतो आणि बागेतल्या बाकावरच्या मित्रांचा एकही नाही. हे जरा उलटं करून द्या."

कानवालेही हसले. मशीन घेतलं, वायर जोडली, लॅपटॉपवर बघितलं. जाड बाजू जवळजवळ शून्यावर. "ही एवढी कोणी उतरवली?"

"तुम्हीच की. मी म्हटलं घूं घूं होतंय, तुम्ही उतरवलीत."

त्या दिवशी का कोण जाणे, वायर लावलेली असतानाच त्यांनी रबरी नळी मशीनला लावून आपल्या कानात घातली. जाड बाजू वर केली. घूंऽऽ. खोलीत पंखा बंद होता. त्यांनी खिडकी लावली. घूंऽऽ. मग त्यांचा हात लॅपटॉपच्या बाजूला गेला आणि त्यांनी अडॅप्टरची पिन उपसली. लॅपटॉप बॅटरीवर आला. नळीत एकदम शांत झालं. पिन परत घातली, घूंऽऽ. काढली, शांत.

हेडमास्तर विचारत होते, "काय झालं? बरं नाही का वाटत?" कानवाले स्टुलावर बसले, त्याच स्टुलावर, जिथे दाजी बसून मापं सांगायचे.

त्यांनी हेडमास्तरांचं मशीन नीट करून दिलं, बॅटरीच्या दहा मिनिटांत. ह्या अडॅप्टरवर आणखी सहा जणांची मशीनं लावली होती, त्यांची नावं कागदावर लिहून प्रत्येकाला फोन केला, उद्या या म्हणून. आक्काचं नाव यादीत नव्हतं, ते लिहायची गरज नव्हती. मग लॅपटॉप पूर्ण बंद करून तासभर त्याच अडॅप्टरला लावून ठेवला, जेवढी भरेल तेवढी बॅटरी भरावी म्हणून, आणि समोर बसून राहिले.

त्या तासात त्यांच्या मनात काय काय येऊन गेलं ते सांगायला हवं, कारण हा माणूस काही संत नव्हता. त्यांना वाटलं, आक्काला नेहमीप्रमाणे बोलवावं, जुनं सेटिंग घालून द्यावं, झालं. तिला काय कळणार आहे? दाजी परत येणार आहेत का? सांगितलं तर तिच्या मनातून मी उतरेन, कायमचा. जिच्यासाठी हा धंदा धरला तिच्याच कानांशी मी हे केलं, हे तोंडाने कसं सांगायचं? आणि न सांगितलं तर ती जन्मभर म्हणणार की नवरा अबोला धरून गेला, आणि मुलगी म्हणणार की आईने अबोला धरला. कुणीच धरला नव्हता. हे जगात फक्त त्यांना एकट्याला माहीत होतं. एवढं मनाशी झाल्यावर ते उठले. लॅपटॉप पिशवीत घातला, अडॅप्टर टेबलावरच राहू दिला.

आक्काच्या घरी दार भाचीने उघडलं. ती दोन दिवसांसाठी आली होती, वडिलांचे कपडे आवरायला. खाट तशीच होती, गादी गुंडाळलेली. ऑक्सिजनचं यंत्र आता कोपऱ्यात सरकवून ठेवलेलं होतं. भाड्याने देणारे न्यायला येतो म्हणून अजून आले नव्हते.

"आक्का, इथे बस. उजेडाकडे पाठ करून," कानवाले म्हणाले आणि स्वतः तिच्यासमोर बसले, तोंडावर उजेड येईल असे, लहानपणी बसायचे तसे. "तूही बस गं."

त्यांनी सगळं सांगितलं. अडॅप्टर, दोन पिना, घूं घूं, जाड बाजू. एकही शब्द गाळला नाही. सांगताना ओठ नीट हलवत होते. "माझा बारीक आवाज तुला ऐकू आला, म्हणून मी समजलो सगळं ठीक आहे. दाजींचा आवाज त्यात उरलाच नव्हता. ते रागावले नव्हते, आक्का. ते बोलत होते. तुला ऐकू येणार नाही असं मी करून ठेवलं होतं."

आक्का त्यांच्या ओठांकडेच बघत राहिली, अजून काही यायचं राहिलंय असं. मग तिने विचारलं, "बोलत होते?"

"हो."

"माझ्याशी?"

भाचीने तोंडावर हात घेतला होता. ती उठली, आईसमोर जमिनीवर येऊन बसली आणि तिचे गुडघे धरले. "आई, मला वाटलं तू मुद्दाम... मी तुला किती बोलले मनातल्या मनात."

"काय म्हणत होते ते सांग," आक्का म्हणाली. "रडू नकोस. रडताना तुझे ओठ वाचता येत नाहीत."

भाचीने डोळे पुसले. ती शेवटचे चार दिवस घरात होती, तेवढंच तिला माहीत होतं. आठवून आठवून सांगू लागली. खिडकी उघड म्हणाले होते. पाणी गार नको म्हणाले होते. तुझ्या गुडघ्याला तेल लाव म्हणाले होते, दोनदा. "आणि एकदा तू पलंगाशी आलीस, चादर नीट केलीस. तेव्हा म्हणाले, खुर्ची गेली ते बरं झालं, तुला बसायला जागा झाली. इथे बस जरा." ती थांबली. "आणि तू चादर नीट केलीस आणि स्वयंपाकघरात निघून गेलीस."

आक्काने मान हलवली. तिला तो क्षण आठवत होता, हे तिच्या चेहऱ्यावर दिसलं. "दूध वर आलं असेल म्हणून गेले होते," ती म्हणाली. "पेज करायची होती त्यांच्यासाठी."

मग तिने भावाकडे पाहिलं. "हे चार दिवसांचं झालं. आधीचे आठ दिवस घरात आम्ही दोघंच होतो. ते कोण सांगणार?"

कानवाल्यांनी खाली मान घातली आणि ते रडले, छप्पन वर्षांचा माणूस, बहिणीसमोर. तिने त्यांना जवळ घेतलं नाही, आणि दूरही लोटलं नाही. दोन्ही कानांतली मशीनं काढली आणि त्यांच्या हातात ठेवली. "लाव. ह्यांच्या आवाजाला होतं तसं लाव."

त्यांनी लॅपटॉप उघडला. बॅटरी बारा मिनिटांची दाखवत होती. वायर जोडली, यादीत 'दाजी' नाव शोधलं आणि ते सेटिंग घातलं. तीन मिनिटांत काम झालं. मशीनं तिच्या कानांत बसवून ते सवयीने तिच्या मागे जाऊन उभे राहिले, आणि तिथे अडकले. जाड बाजू तपासायची, आणि त्यांचा आवाज तो तसला. भाचीचाही बाईमाणसाचाच. जाड आवाजाचं त्या घरात आता कोणी नव्हतं.

ते कोपऱ्यात गेले आणि त्यांनी ऑक्सिजनच्या यंत्राचं बटण दाबलं. यंत्र घुमायला लागलं.

आक्का वळली. खाटेकडेच वळली, एकदम, हाक आल्यासारखी. मग तिला यंत्र दिसलं.

"हे एवढा आवाज करत होतं?"

"हो, आक्का."

कानवाले बटण बंद करायला वाकले. तिने हाताने थांबवलं, उठली, आणि खाटेशेजारच्या मोकळ्या जागेत, खुर्ची होती तिथे, जमिनीवर जाऊन बसली.

"राहू दे थोडा वेळ," ती म्हणाली.